‘राखाडी बंदर’चा दुसरा भाग आमच्या घरात कसा मावला

केटा, घाना
८ फेब्रुवारी

थोरले बंधू एफो गामेली यांस,
धाकट्या सेन्योचा सकाळचा नमस्कार.

तू उठलास का? घरातली माणसं उठली का? मुलं उठली, मुलांची मुलं उठली? ब्रेमेनमधले शेजारी, ट्रामच्या आगारातले जुने सोबती, तुझी ती सायकल, सगळी सुखरूप उठली असं धरून चालतो, कारण तुझ्या उत्तरासाठी थांबलो तर पत्र पहिल्या ओळीपुढे सरकायचं नाही. इकडे आम्हीही उठलो आहोत. आईला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. पाय ठणठणीत, कान गरजेपेक्षा जास्त ठणठणीत, डोळे तेवढे अंधुक. अकोफाचा बर्फाचा आणि सोबोलो सरबताचा धंदा जोरात आहे (या उन्हाळ्यात तिच्या फ्रीझरपुढे जेवढी रांग असते तेवढी आमच्या लग्नातही नव्हती). माझा उजवा गुडघा पूर्वीसारखाच, म्हणजे आहे.

फोन असताना हा कागद कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर मी तुला मोठा मजकूर पाठवला की तू त्याच्याखाली एक अंगठा पाठवतोस. नोव्हेंबरात तीन पानं मजकूर पाठवला, अंगठा आला. नाताळात विचारलं, या वर्षी येतोस का, त्यालाही अंगठाच आला. आईने आठवडाभर तो होकार धरला आणि तुझी गादी उन्हात टाकली. कागदाला अंगठा देता येत नाही. आपल्या गायनमंडळाच्या बाईंची एसिनाम परवा हॅम्बुर्गला निघते आहे, तिच्या बॅगेत हे पत्र घालतो. सोबत वाळवलेली मासळीही द्यायची होती, पण वासाचं कारण सांगून तिने नम्रपणे नकार दिला. पत्राला वास नाही, याची तिने हुंगून खात्री करून घेतली.

आता मूळ हकिगत. मागच्या मार्चात मी जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालो हे तुला माहीत आहे (तेव्हाही अंगठा आला होता). चौतीस वर्षं मी साखळी ओढत किनाऱ्याने चाललो. समुद्र दर पावसाळ्यात आपली हद्द बदलायचा आणि मी त्याच्यामागे नवे खुंट ठोकत जायचो. निवृत्तीनंतर गुडघ्याने चालणंच बंद केलं. मग आपल्या मावसबहिणीचा मुलगा, तो अक्राच्या बँकेतला, त्याने घर आवरताना त्याचा जुना कॉम्प्युटर मला आणून दिला. आत एक खेळ होता, ‘राखाडी बंदर’. दूर उत्तरेकडचं एक बंदराचं शहर, सतत पाऊस, ट्राम, दगडी पूल, आणि नायक म्हणून एक नोकरी सोडलेला पोलीस, ज्याने कुणाचा तरी सूड घ्यायचा असतो. कुणाचा ते मला आजतागायत ठाऊक नाही. मी सुडाच्या भानगडीत पडलोच नाही. त्या पोलिसाचे गुडघे उत्तम आहेत हे माझ्या लक्षात आलं आणि मी दुपारी चार वाजता त्याला घेऊन फिरायला निघू लागलो. महिन्याभरात सगळं शहर पावलांनी मोजून काढलं. नकाशात दोन ठिकाणी चूक आहे.

आई एकदा शेंगदाणे सोलत माझ्या खोलीत आली, स्टूल ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली आणि म्हणाली, “हा पाऊस कुठला?”

मी म्हटलं, “उत्तरेकडचं एक बंदर आहे.”

“गामेलीचं?”

एफो, मी तेव्हा एका ट्रामच्या पुढून रस्ता ओलांडत होतो. माझं सगळं लक्ष ट्रामवर. मी म्हटलं, “हं.” एवढंच. एका अक्षराची चूक. मोजणीत अशी चूक झाली तर आम्ही खोडून खाली सही करतो. इथे सही करायची राहिली, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता आई डोक्याला चांगला रुमाल बांधून हजर.

तुला वाटेल, फोनवर तुला बघता येत असताना तिला हे कशाला हवं? फोनवर तू दिसतोस कुठे? तू फोन असा धरतोस की आम्हाला फक्त कपाळ दिसतं, आणि तेही वर्षागणिक वाढत चाललंय. आईच्या डोळ्यांना तो चार बोटांचा पडदा म्हणजे धुक्यातला काजवा. ती म्हणते, “हे कपाळ माझ्या मुलाचं कशावरून?” याउलट माझा पडदा मोठा, शहर मोठं, पाऊस खरा वाटणारा. आणि मग पुलावरचा तो माणूस सापडला.

पुलाच्या मधोमध तपकिरी कोट, डोक्याला टोपी घातलेला एक माणूस पाण्याकडे तोंड करून उभा असायचा. जुन्या कॉम्प्युटरला लांबचं चितारायची ताकद नव्हती म्हणून खेळ करणाऱ्यांनी शहराला चारी बाजूंनी धुकं दिलेलं. त्या धुक्यात तो कुणीही असू शकला असता. आई म्हणाली, “तो बघ, तसाच उभा राहतो, एका पायावर भार टाकून.” मी पाहिलं, खरंच तसाच. त्यानंतर पाच महिने आम्ही रोज पुलापर्यंत जात होतो. आई त्याला रीतसर विचारायची: उठलास का, घरातले उठले का, पाठ कशी आहे. तो काही वळायचा नाही. ती म्हणायची, “कामात असेल.” (तुझ्या नावाचा अर्थच ‘वेळ आहे’, आणि चौदा वर्षांत तुला वेळ झालेला नाही, आई हे बोलून दाखवत नाही, मी दाखवतो.) फार जवळ गेलं तर तो माणूस “वाट धर” असं काहीसं गुरगुरतो, म्हणून मी आपला दहा पावलं अलीकडे थांबायचो. मग आई बंदरावर नजर टाकायची आणि तिथल्या नावांना नावं ठेवायची. “नावा बांधल्यात छान, पण एकाही नावेत जाळं नाही. ही माणसं खातात काय?”

एकदा मध्येच गोळीबार सुरू झाला. नायकाला कुणीतरी ओळखलं. मी सांगितलं, सिनेमाचं चित्रण चाललंय. आईने त्या संध्याकाळी तुझ्यासाठी दोनदा प्रार्थना केली आणि तुला फोन करून विचारलं, तिकडे सगळं शांत आहे ना. तू म्हणालास, अगदी शांत. ती मला म्हणाली, “बघ, काळजी नको म्हणून लपवतो.”

इतपत सगळं सुरळीत होतं. ऑक्टोबरात एके दिवशी खेळ उघडला तर आधी जाहिरात लागली: ‘राखाडी बंदर, भाग दुसरा’. तोच पूल, पण पावसाचा थेंब न् थेंब सुटा. दगडातलं शेवाळ हिरवं. ट्रामच्या काचेवर आतल्या बाईच्या श्वासाची वाफ. आईचं नाक पडद्याला टेकलं. ती म्हणाली, “आता कसं स्वच्छ दिसतंय. यातून जाऊ या. यातून त्याचं तोंड दिसेल.”

मी म्हटलं, त्याला वेळ लागेल. तेव्हा मला वाटलं होतं की ही थाप आहे. ते शब्दशः खरं निघालं.

या खेळांच्या पानावर दोन रकाने असतात, ‘किमान’ आणि ‘शिफारस’. ‘किमान’ म्हणजे खेळ तुम्हाला दारात उभं करील, पाणी विचारणार नाही. ‘शिफारस’ म्हणजे आत बसवील. या दुसऱ्या भागाला तिसराही रकाना होता, ‘उत्तम’. तो मी परदेशच्या बातम्यांसारखा वाचला, जगात कुठे काय चाललंय एवढ्यापुरता. माझं यंत्र ‘किमान’च्याही बाहेर, कुंपणापाशी उभं होतं. म्हणून मी बाजाररस्त्यावर मादाम पर्पेतुआकडे गेलो. पूर्वी मिशनच्या शाळेत टायपिंग शिकवायच्या त्या. आता ‘त्याच्या कृपेने कॉम्प्युटर्स’ चालवतात आणि अजूनही समोरच्याला पाठ सरळ ठेवायला लावतात. मी यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढला, आणि विचारलं, “मोजणीदार, हा खेळ आहे की धरण?”

मग त्यांनी मला समजावून दिलं. पूर्वी खेळ करणारी माणसं लोकांच्या घरात यंत्र कुठलं आहे ते आधी बघायची आणि त्या वीतभर जागेत संसार मांडायची. धुकं, अंधार, बंद दारं, सगळ्या काटकसरीच्या युक्त्या. आता ते मोकळं मैदान धरून चालतात आणि म्हणतात, ज्याने त्याने आपापलं मैदान आणावं. खर्च एवढा वाढलाय की एकेका खेळाला सात-सात वर्षं लागतात, आणि तरी तो अर्धा कच्चाच बाहेर येतो. उरलेला घरी शिजवायचा. शिवाय रॅम मिळेनाशी झाली आहे. “जगातली सगळी रॅम ती बोलणारी यंत्रं खातायत,” मादाम म्हणाल्या. “तुमच्या-माझ्या वाट्याला पाव भाकरी.” हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला वाटलं त्यांना त्यात काही वावगं दिसत नाही. पण काउंटरखाली त्यांनी जुन्या रॅमच्या पट्ट्या रुमालात बांधून ठेवल्या होत्या, सोन्यासारख्या.

ग्राफिक्स कार्ड त्यांनी सीमेपलीकडच्या लोमेहून मागवलं. नवं नव्हे. कुठेतरी कॉम्प्युटरवर आभासी नाणी पाडायचा कारखाना होता, तो बंद पडला, तिथलं.

“किती वर्षं राबलंय?” मी विचारलं.

“तीन. दिवसरात्र. एक सुट्टी नाही.”

“म्हणजे दमलेलं आहे.”

“तुम्ही चौतीस वर्षं राबलात. दमलात?”

“गुडघा सोडून नाही.”

“मग झालं तर. दोघेही निवृत्त. जमेल तुमचं.”

किंमत इथे लिहीत नाही, कारण पाकीट बंद करायच्या आधी अकोफा पत्र वाचते.

कार्ड आलं ते माझ्या हाताच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि कॉम्प्युटरची जुनी पेटी त्याला पाच सेंटिमीटरने अपुरी. चौतीस वर्षांत मी लोकांना सांगत आलो होतो की आधी मोजा, मग घ्या. मादामनी सुचवलं पेटी पत्र्याची करा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने तिला पावसाळ्याआधी भोकं पडली असती. म्हणून मी आग्बोव्हीकडे गेलो. तो नावा बांधतो, तुझ्या वर्गात होता, गणितात तुझी नक्कल करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि लाकडी पेटी बांधली. अप्रतिम बांधली. पुढून जरा टोकदार, सांध्यांना डांबर, एका बाजूला लाल-पिवळ्या रंगात लिहिलेलं: ‘धीर धरा’. (हे मी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, नाव नसलेली नाव पाण्यात घालत नाहीत.) ती पेटी खाजणात सोडली असती तर थेट अंलोगापर्यंत तरंगत गेली असती. थेंबभर पाणी आत शिरणार नाही अशी होती, आणि म्हणून चिमूटभर वाराही. कॉम्प्युटर सुरू केल्यावर अकराव्या मिनिटाला डांबर पातळ होऊन जमिनीवर उतरलं आणि घरात होडी दुरुस्तीचा वास भरला. आई आतून म्हणाली, “कुणाची नाव आली?”

मग आग्बोव्हीने पेटीच्या माथ्यावर वाऱ्यासाठी एक लांबट फट पाडली. त्याच रविवारी आपल्या चर्चचे धर्मशिक्षक कॅटेकिस्ट आजारी माणसांना भेटायला निघाले होते, ते आईला भेटायला आले, माझ्या खोलीत डोकावले, ‘धीर धरा’ वाचलं, फट पाहिली, आणि भाविकपणे एक नाणं आत टाकलं. नाणं पंख्यात. मी अंगणात होतो. आधी टाळ्या वाजल्यासारखा आवाज, मग चट्ट, मग सगळ्या घराची वीज गेली, आणि वीज गेल्याबरोबर फ्रीझरपाशी अकोफाचा आवाज, जो मी इथे लिहू शकत नाही. कॅटेकिस्टांनी विचारलं, ही पेटी कोणत्या निधीची? मी म्हटलं, छपराच्या. दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी दुसरं नाणं काढलं, तेव्हा त्यांचा हात धरावा लागला.

वीज हा स्वतंत्र अध्याय आहे. माझं कार्ड आणि अकोफाचा फ्रीझर एकाच वेळी पोटभर जेवू शकत नाहीत. दोघांनी तोंड उघडलं की मीटर हात वर करतो. अकोफाने तोडगा काढला तो असा: दुपारी चार ते पाच फ्रीझर बंद, त्याबदल्यात पेटीच्या फटीतून निघणाऱ्या गरम वाऱ्यावर तिने वाळवणाची चाळण ठेवायची. सध्या मी खेळतो तेव्हा माझ्या खोलीत दोन किलो मासळी वाळते. उन्हापेक्षा जलद वाळते आणि माश्या बसत नाहीत. बाजारात तिला ‘कॉम्प्युटरवरची’ म्हणून वेगळी मागणी आहे. या सगळ्या उद्योगातून घरात जे काही उत्पन्न आलं ते एवढंच.

खेळ आणणं बाकी होतं. त्याचं वजन एकशे अडतीस जीबी. आपल्या मोबाइल इंटरनेटवरून तो ओढून घ्यायचा म्हटलं असतं तर माझ्या हयातीत झालं नसतं. मी हिशेब करून पाहिला, मृत्युपत्रात उल्लेख करावा लागला असता. मादाम पर्पेतुआ भाचीच्या लग्नासाठी अक्राला गेल्या होत्या, त्यांनी तिथे कुणाकडून तरी डिस्कवर भरून आणला. आठवडा गेला. डिस्क लावली, खेळ बसला, उघडला, आणि म्हणाला: दुरुस्ती आली आहे, एकसष्ट जीबी. म्हणजे घर बांधून पुरं झालं आणि गवंड्याने सांगितलं की आता निम्म्या भिंती परत घेऊन या. मादाम पुन्हा अक्राला गेल्या (याच भाचीचं सासरशी भांडण झालं, माझ्या दृष्टीने वेळेवर). दुरुस्ती आली. ती बसवल्यावर छायाप्रकाशाची जुळवाजुळव चालू आहे, कृपया थांबा, अशी एक पट्टी लागली. चार ते पाच ती पट्टी पाहिली. दुसऱ्या दिवशी चार ते पाच पुन्हा. आई दोन्ही दिवस पूर्ण तास बसली. ती म्हणाली, “व्हिसाच्या कचेरीतही असंच बसवतात.”

तिसऱ्या दिवशी शहर उघडलं. आईने चर्चचा पोशाख घातला होता. तुला सांगितलं तरी खरं वाटणार नाही, पण मलाही सदरा बदलावासा वाटला. पहिल्यांदा आम्ही चित्राच्या दर्जाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर खेळ लावला होता, त्यामुळे माणसांना चेहरेच नव्हते. सोललेल्या अंड्यांसारखी डोकी छत्र्या घेऊन हिंडत होती. आई किंचाळली नाही, फक्त म्हणाली, “यांना काय झालं?” मी एक पायरी वर चढवली. नाक आलं. आणखी एक. डोळे, भुवया, दाढीचे खुंट. पेटी गुरगुरली, मासळी चरचरली, पण शहर उभं राहिलं. आणि एफो, मी प्रामाणिकपणे सांगतो, ते सुंदर आहे. ओल्या दगडावर दिव्याचा जो लांब पिवळा पट्टा पडतो तो आपण लहानपणी कंदील घेऊन ओल्या वाळूवर पाहायचो तसा. मी क्षणभर आपण कशाला आलो आहोत हेच विसरलो.

आई विसरली नव्हती. “पूल,” ती म्हणाली.

पूल आला. तपकिरी कोट होता. टोपी होती. एका पायावर भारही होता. दहा पावलं अलीकडे मी नेहमीप्रमाणे थांबलो, पण दुसऱ्या भागात माणसांना शिकवून ठेवलंय, कुणी मागे उभं राहिलं की ती वळतात. तो वळला. पन्नाशीचा गोरा माणूस, नाकावर लाल शिरा, डाव्या गालावर चामखीळ, चामखिळीवर तीन केस. तिन्ही मोजता येत होते. कारागिरी अव्वल.

आईने नाक पडद्याला टेकवून त्याला न्याहाळलं. मग मला विचारलं, “हा कोण?”

“त्याचा शेजारी असेल,” मी म्हटलं.

“शेजाऱ्याने त्याचा कोट का घातलाय?”

मी पोलिसाला पुलावरून उतरवू लागलो. “मग गामेली कुठे गेला?” ती म्हणाली, आणि आम्ही तुला शोधायला निघालो. तीन दिवस, रोज चार ते पाच. मासळी बाजार, ट्रामचं आगार (तुझं आगार असं मी कधी म्हटलं नव्हतं, तिनेच ठरवलं), दोन चर्च, एक दारूचा गुत्ता. तिथे ती बाहेर थांबली. प्रत्येकाचं तोंड ती नीट न्याहाळत होती. दुसऱ्या दिवशी तिने छत्रीवाल्या एका बाईकडे बोट केलं: “ही कालही होती. मघाशी त्या गल्लीतही होती. आता पुन्हा इथे.” तिने बरोबर पकडलं होतं. एवढा सगळा पैसा ओतून केलेल्या शहरात मोजून साठ चेहरे आहेत, कपडे बदलून तेच तेच फिरवतात. मी मोजणीदार असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संपताना ती म्हणाली, “जुन्यातून चल. त्यात लांबून का होईना, तो असायचा.”

मी जुना खेळ लावला. पण कार्ड नवं. ताकदवान. जुन्या यंत्राच्या अशक्तपणापायी जे धुकं होतं, ते या कार्डाने एका फुंकरीत उडवलं. सगळा पूल लख्ख. पुलावरच्या माणसाच्या कोटाला बटणंही नाहीत, नुसता चौकोनी ठोकळा. आणि पुलापलीकडे शहरच नाही. इतके महिने ज्या बाजूला तू राहतोस असं आम्ही समजत होतो तिथे एक सपाट राखाडी पट्टा आणि त्यापुढे काही नाही.

आई स्टुलावरून उठली. मग म्हणाली, “एवढंच आहे होय ते गाव.” आणि भेंडी चिरायला गेली.

त्याला आता पंधरा दिवस झाले. ती खोलीत येत नाही, मीही बोलावत नाही. गुरुवारची गायनमंडळाची तालीम सोडली तर रोज चार वाजता मी पेटी सुरू करतो कारण मासळी वाळायची असते. केटामधलं सगळ्यात ताकदवान यंत्र माझ्यापाशी आहे आणि मी त्यावर एका चामखीळवाल्या माणसाशेजारी उभा राहून पाणी बघतो. तक्रार नाही. पाणी फार छान केलंय.

तर असं सगळं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, सायकलला तेल. आता इथे थांबतो, एसिनामच्या आईने दोनदा निरोप पाठवला की बॅग बंद करतायत.

तुझा धाकटा,
सेन्यो

ता. क. तिकडे कॉम्प्युटरच्या पेटीला लावायचे मोठे पंखे चांगले मिळतात असं मादाम सांगतात. दोन पाठव. मासळीही लवकर वाळेल.

ता. क. दुसरा. वर लिहायचं राहिलं. येत्या सतरा मार्चला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांचं पथक येणार आहे, आधी उजवा डोळा. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, चाळिशीत दिसायचं तसं दिसेल. आईने त्यांना एकच विचारलं, चेहरे दिसतील का? त्या म्हणाल्या, पट्टी काढल्याबरोबर. घरी आल्यावर तिने खुर्च्या मांडल्या. मी डावीकडे, अकोफा उजवीकडे, मधली तुझी. मी म्हटलं, आई, तो कामात असेल. ती म्हणाली, “त्याला फक्त सांग, खुर्ची मांडली आहे.” पट्टी अठराला सकाळी काढतील. मी सांगितलं. आता तुझं तू बघ.

ता. क. तिसरा. येणार असलास तर पंखे बरोबरच आण.

ता. क. चौथा. एफो, मी अकोफा. पत्र वाचलं. किंमत त्यांनी लिहिली नाही, मादाम पर्पेतुआने मला पहिल्या दिवशीच सांगितली होती. बाकी सगळं खरं आहे, फक्त आई खोलीत जात नाही हे सोडून. गुरुवारी चार वाजता हे गायनमंडळाच्या तालमीला जातात, तेव्हा आम्ही दोघी पेटी लावतो. हे नुसते चालतात. आई गाडी चालवते. तिचं नाक पडद्याला टेकलेलं असतं, त्यामुळे कडेचं दिसत नाही आणि ती वेग कमी करत नाही. चामखीळवाल्याला तिने दोनदा पुलावरून पाण्यात ढकललं. मी म्हटलं, बिचाऱ्याने काय केलं? ती म्हणाली, “माझ्या मुलाच्या जागी उभा राहतो.” हा खेळ आहे हे तिला पहिल्या पावसापासून माहीत होतं, बंदरातल्या नावांत जाळी नव्हती ना. निवृत्त झाल्यापासून हे खोलीत एकटेच बसायचे, म्हणून ती सोबत म्हणून जायची, आणि पुलावर जाऊन तुझं नाव घ्यायला तिलाही बरं वाटायचं. हे यांना सांगू नकोस. मधली खुर्ची मात्र तिने स्वतःच्या हाताने पुसून ठेवली आहे. परवा पाळक आले ते तिच्यावर बसले, तर त्यांना तिने उठवलं आणि भिंतीकडच्या बाकावर बसवलं.